बांधाला बांध: ‘अ‍ॅफिनिटी’ हा इंग्रजी शब्द कसा शिकावा, कसा वापरावा

नाशिकरोडला मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. मुलं दिवसा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असतात, काही दिंडोरी-निफाडकडून एसटीने येतात. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. एकदा मुलाखतीचा सराव चालू होता. दिंडोरीकडचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आय हॅव इन्फिनिटी ऑफ मशीन्स.” मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तो खाली बसणार एवढ्यात मी त्याला थांबवलं, कारण त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवतात, हे त्याला सांगायचं होतं. शब्दही त्याने बरोबर घराण्यातला उचलला होता, फक्त दार चुकलं होतं.

त्याला हवा होता तो शब्द ‘अ‍ॅफिनिटी’. शब्दकोशात याच्यापुढे ओढ, जवळीक, साधर्म्य, नातं, आकर्षण असे पाच-सहा शब्द ओळीने दिलेले असतात आणि नवशिक्या माणूस त्यातला पहिला उचलून मोकळा होतो. तिथेच घोळ होतो. या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द शोधायचा नाही. दर वेळी एवढंच विचारायचं की कुणाची सीमा कुणाला लागली आहे, आणि ती कशामुळे लागली आहे. लग्नामुळे, सारखेपणामुळे, की आतल्या ओढीमुळे? एवढं उत्तर मिळालं की मराठी शब्दही सापडतो आणि इंग्रजी वाक्यही सरळ बसतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: कानाने ओळखा

आधी स्पेलिंग. ए, दोन एफ, आय, एन, आय, टी, वाय. एफ दोन आहेत आणि एन एकच, हे वहीत एकदा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मराठीत आपण ‘अ‍ॅफिनिटी’ लिहितो आणि मीही तसंच लिहिणार आहे, पण इंग्रजी बोलताना पहिला स्वर ‘अ‍ॅपल’मधला नसतो. तो ‘अबाऊट’, ‘अगेन’ यांतल्यासारखा हलका ‘अ’ असतो आणि जोर ‘फि’वर पडतो. ‘इन्फिनिटी’मध्येही जोर ‘फि’वरच असतो. म्हणजे दोन्ही शब्दांत फरक उरतो तो फक्त सुरुवातीच्या आवाजाचा, आणि घाईत बोलताना नेमका तोच गिळला जातो. माझ्या विद्यार्थ्याचं तेच झालं होतं. दोन्ही शब्द पाठोपाठ दहा वेळा मोठ्याने म्हणा, कान आपोआप तयार होतो.

दुसरी पायरी: मुळाशी जा

लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे सीमा, शेवट. ‘फिनिश’, ‘फायनल’, ‘डिफाइन’ हे शब्द तिथूनच आले. ‘इन्फिनिटी’ म्हणजे जिला सीमा नाही ती, अनंतता. आणि ‘अ‍ॅफिनिटी’च्या मागे आहे ‘अफिनिस’, म्हणजे ज्याची सीमा आपल्या सीमेला लागली आहे तो. या दोन शब्दांचं मूळ एकच आहे. एकीत सीमाच नाही, तर दुसरीत सीमेवर भेट आहे.

हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून कळलं, पण पटलं मात्र मावशीच्या मळ्यात. निफाड तालुक्यात तिची द्राक्षबाग आहे. तिच्या बागेचा आणि शेजारच्या बागेचा बांध एकच, जेमतेम दीड हात रुंद, वर एक बोराचं झाड. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी औषध मारायचं असलं की तिकडून हाक येते, “वहिनी, इकडं मारतोय हो, दोरीवरचे कपडे काढून घ्या.” वारा बांध मानत नाही, औषधाचा फवारा पलीकडे जातोच. रोग आला तरी तो एकाच बागेत थांबत नाही. बोरं मात्र दोन्हीकडची पोरं खातात. बांधापलीकडचा माणूस रक्ताचा नाही, त्याला आपण निवडलेलंही नाही, तरी एकाचं चांगलं-वाईट दुसऱ्याला लागतं. ‘अफिनिस’ म्हणजे हाच माणूस. पुढे या शब्दाचे कितीही अर्थ भेटले तरी हा दीड हाताचा बांध डोळ्यांसमोर ठेवा.

जाता जाता एक सावधगिरी. ‘अ‍ॅफिलिएशन’ हा शब्द दिसायला जवळचा वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं आहे. तिथे ‘फिलिअस’ म्हणजे मुलगा. अ‍ॅफिलिएट करणं म्हणजे मुळात दत्तक घेणं. आपल्याकडची अनेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते अ‍ॅफिलिएशन. ते कागदावर होतं आणि कागदावर रद्दही होतं. अ‍ॅफिनिटीला कुणाची सही लागत नाही.

तिसरी पायरी: सोयरीक हा पहिला अर्थ

इंग्रजीत हा शब्द मध्ययुगात आला तो लग्नाने जुळलेलं नातं या अर्थाने. मराठी माणसाला हा अर्थ शिकवावाच लागत नाही, कारण आपल्या बोलण्यात तो रोज असतो. आपण ‘सगेसोयरे’ म्हणतो. सगे रक्ताचे, सोयरे लग्नामुळे झालेले. इंग्रजी कायद्याच्या भाषेत सग्यांचं नातं ‘कॉन्सँग्विनिटी’ आणि सोयऱ्यांचं नातं ‘अ‍ॅफिनिटी’. त्यांना दोन जड शब्द लागतात, आपलं एका जोडशब्दात भागतं.

हा अर्थ किती गंभीरपणे घेतला जाई त्याचं एक उदाहरण. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५०९ मध्ये कॅथरीनशी लग्न केलं. ती त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे त्याची वहिनी. दोघांत रक्ताचं नातं काहीच नव्हतं, पण आधीच्या लग्नामुळे अ‍ॅफिनिटी होती, म्हणून पोपची खास परवानगी काढावी लागली. आपल्याकडच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही रक्ताच्या नात्यांबरोबर लग्नामुळे जुळलेल्या काही नात्यांत विवाह वर्ज्य आहे, रूढीने मुभा असेल तर गोष्ट वेगळी.

आजच्या रोजच्या इंग्रजीत हा अर्थ क्वचित भेटतो. वकिलीचा अभ्यास करणाऱ्यांना आणि मानववंशशास्त्र वाचणाऱ्यांना तो लागेल. मानववंशशास्त्रात सासरच्या नात्यांना ‘अफायनल’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. बाकीच्यांनी अर्थ ओळखून ठेवावा आणि पुढे जावं. आपल्या वहिनीची ओळख करून देताना ‘माय अ‍ॅफिनिटी’ असं कुणी म्हणू नये, ‘माय सिस्टर-इन-लॉ’च म्हणावं.

चौथी पायरी: साधर्म्य

दुसरा अर्थ दोन गोष्टींतल्या सारखेपणाचा. पण हा सारखेपणा वरवरचा नसतो, मागे काहीतरी नातं आहे असं सुचवणारा असतो. दोन मोटारसायकली एकाच रंगाच्या असल्या तर ती अ‍ॅफिनिटी नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. मालेगाव, सटाणा, कळवणकडे अहिराणी बोलली जाते. तिच्यात मराठीशी जुळणारं पुष्कळ आहे आणि गुजरातीशी जुळणारंही. भाषांचे अभ्यासक लिहितात, “अहिराणी शोज अ‍ॅफिनिटीज विथ बोथ मराठी अँड गुजराती.” इथे अनेकवचन झालं, वायच्या जागी आयईएस आलं. मराठीत याला ‘साधर्म्य’ किंवा नुसतं ‘जवळचं नातं’ म्हणावं. ‘अहिराणीला गुजरातीची ओढ आहे’ असं भाषांतर केलं तर अर्थाचा बट्ट्याबोळ होईल, आणि असं भाषांतर मी छापलेलं पाहिलं आहे.

जीवशास्त्रात तर ‘अफिनिस’ हे लॅटिन रूपच वावरतं. जुन्या वाड्यांच्या, पुलांच्या छताखाली पिसांची-गवताची घरटी लाळेने चिकटवून राहणारी छोटी पाकोळी तुम्ही पाहिली असेल. संध्याकाळी थवाच्या थवा चिरचिरत घिरट्या घालतो. तिचं शास्त्रीय नाव ‘एपस अफिनिस’. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडतात त्या एका माशाचं नाव ‘गॅम्बुसिया अफिनिस’. अशा नावातला ‘अफिनिस’ सांगतो की हा जीव दुसऱ्या एखाद्या जातीच्या जवळचा आहे. तोच नव्हे, पण त्याच्या बांधाला बांध लागलेला.

पाचवी पायरी: ओढ, म्हणजे रोजचा अर्थ

आता मुख्य गोष्ट. वर्तमानपत्रात, मुलाखतीत, बोलण्यात शंभरातल्या बहुतेक वेळी हा शब्द ओढ किंवा जवळीक या अर्थानेच येतो. “शी हॅज अ नॅचरल अ‍ॅफिनिटी फॉर लँग्वेजेस.” भाषांकडे तिचा मुळातच ओढा आहे. “ही फेल्ट अ‍ॅन इमिजिएट अ‍ॅफिनिटी विथ द ओल्ड मॅन.” त्या म्हाताऱ्या माणसाशी त्याची पहिल्या भेटीतच नाळ जुळली.

आपल्याकडे जवळिकीसाठी शब्दांची श्रीमंती आहे, आणि त्यामुळेच गोंधळही होतो. मी वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिते आणि एकेक पुसत जाते.

‘लळा’ पुसते. लळा सहवासाने लागतो. शेजारच्या बाळाला उचलून घ्या, भात भरवा, महिन्याभरात ते तुम्हाला पाहून हात पुढे करतं. ते ‘अटॅचमेंट’. अ‍ॅफिनिटी सहवासाच्या आधी असते. ‘माया’ पुसते, ती ‘अफेक्शन’, तिच्यात देणं आहे. ‘जिव्हाळा’ जवळ येतो, पण त्याला ऊब लागते आणि काळही लागतो. ‘आपुलकी’ वागण्यातून दिसावी लागते, अ‍ॅफिनिटी मनातल्या मनातही असू शकते. ‘ऋणानुबंध’ पुसताना माझा हात थोडा थांबतो. पहिल्या भेटीत जुळलं की आपण तोच शब्द वापरतो. पण त्यात मागच्या जन्मीचं देणंघेणं आहे, इंग्रजी शब्दात ते नाही. ‘सवय’ तर सरळ पुसायची. रोज सकाळी मिसळ खाणाऱ्याला मिसळीची सवय असते.

फळ्यावर उरतात ओढा, कल, नाळ जुळणं, सूर जुळणं आणि ‘पिंड’. शेवटचा मला सर्वांत आवडतो. ‘गाणं हा तिचा पिंडच आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणी शिकवलेलं नाही, जबरदस्तीचं नाही, आतून आलेलं आहे असं म्हणतो. ‘नॅचरल अ‍ॅफिनिटी’ला याच्याइतका जवळचा शब्द मला सापडलेला नाही.

‘ओढ’ मी जपून वापरायला सांगते, कारण मराठीत ओढ दोन प्रकारची आहे. दिवाळी आली की पुण्याला शिकणाऱ्या पोराला घराची ओढ लागते. ती ‘लाँगिंग’, दूर असल्याची हुरहुर. तिथे अ‍ॅफिनिटी चालणार नाही. त्या ओढीला अंतर लागतं, तर अ‍ॅफिनिटी शेजारी बसूनही असते.

आणखी एक फरक मुलाखतीला जाणाऱ्यांनी नीट धरावा. अ‍ॅफिनिटी म्हणजे कौशल्य नव्हे. आकड्यांकडे ओढा असणं ही अ‍ॅफिनिटी, आकडेमोड पटापट जमणं हे ‘अ‍ॅप्टिट्यूड’. कित्येकांना गाण्याची अ‍ॅफिनिटी असते आणि गळा नसतो. अनेक जण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, पण समोर बसलेला माणूस भाषेचा चोखंदळ असेल तर त्याला ते खटकेल.

सहावी पायरी: मागचा छोटा शब्द

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ द्या. चुकांचं मूळ आपल्या भाषेत आहे. आपण ‘यंत्रांची ओढ’ म्हणतो. ‘ची’ आलं की हात आपसूक ‘ऑफ’कडे जातो. म्हणून ‘अ‍ॅफिनिटी ऑफ मशीन्स’. पण त्याचा अर्थ होतो यंत्रांना असलेली ओढ. ‘ऑफ’च्या पुढे ज्याला ओढ आहे तो येतो, ज्याच्याकडे ओढ आहे तो नाही. ‘द अ‍ॅफिनिटी ऑफ हिमोग्लोबिन फॉर ऑक्सिजन’ हे बरोबर आहे. ओढ हिमोग्लोबिनला, ऑक्सिजनकडे.

ओढ एका बाजूची असेल, समोर वस्तू, विषय, काम, चव, जागा असेल तर ‘फॉर’ घ्या. मातीचं काम आवडणाऱ्याला ‘अ‍ॅन अ‍ॅफिनिटी फॉर क्ले’ असते, मातीला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. समोर माणूस, प्राणी, समाज असेल, समजून घेण्याचं नातं असेल, तर ‘विथ’. आपण ‘च्याशी नाळ जुळली’ म्हणतो त्यातलं ‘शी’ म्हणजे हे ‘विथ’. आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या जाणत्या माणसाबद्दल लिहायचं असेल तर ‘ही हॅज अ डीप अ‍ॅफिनिटी विथ द फॉरेस्ट’ असंही चालतं, कारण तिथे जंगल ही नुसती वस्तू राहत नाही. ‘फॉर’ लिहिलंत तर जंगलाची आवड एवढाच अर्थ उरेल. एका छोट्या शब्दाने केवढा फरक पडतो, पाहा.

दोन्ही बाजू एकदम सांगायच्या असतील तर ‘बिट्वीन’: ‘द अ‍ॅफिनिटी बिट्वीन द टू सिस्टर्स’. ‘टू’ तुम्हाला शास्त्रीय लेखनात, साधर्म्याच्या अर्थाने भेटेल. वाचताना अडखळू नका, लिहिताना मात्र सुरुवातीला टाळा. ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिट्वीन’ या तिघांत सगळं भागतं.

क्रियापदांचं थोडक्यात. अ‍ॅफिनिटी ‘असते’, ‘वाटते’, ‘दिसते’, दोघांत ‘सामायिक असते’: हॅव, फील, शो, शेअर. ती ‘केली’ जात नाही, म्हणून ‘डू’ किंवा ‘मेक’ नको. एकवचनी असेल आणि आधी विशेषण नसेल तर ‘अ‍ॅन अ‍ॅफिनिटी’, विशेषण आलं की त्याच्या पहिल्या आवाजाप्रमाणे ‘अ स्ट्राँग अ‍ॅफिनिटी’. आणि आजच्या दिवसापुरत्या इच्छेला हा शब्द वापरू नका. पावसात भजी खावीशी वाटली तर ती तल्लफ आहे.

सातवी पायरी: प्रयोगशाळा आणि कारखाना

अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांना हा शब्द रसायनशास्त्रात भेटतो. फ्रेंच रसायनज्ञ जोफ्रुआ यांनी १७१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक तक्ता मांडला. कोणता पदार्थ कोणाशी आधी संयोग पावतो, कोण आला की कोण बाजूला सरतो, हे त्यात ओळीने होतं. त्यांनी स्वतः ‘संबंध’ या अर्थाचा फ्रेंच शब्द वापरला होता, पुढे अशा तक्त्यांना अ‍ॅफिनिटीचे तक्ते म्हणू लागले. सोयरिकीचा शब्द असा पदार्थांनाही लागला. आजची ‘इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी’ म्हणजे अणूने बाहेरचा इलेक्ट्रॉन घेतला की बाहेर पडणारी ऊर्जा. ती कोणत्या मूलद्रव्याची सर्वांत जास्त असं विचारलं की मुलं हमखास फ्लोरीनचं नाव सांगतात, पण सर्वांत जास्त आहे क्लोरीनची, मोलमागे सुमारे ३४९ किलोज्यूल. फ्लोरीनची ३२८. फ्लोरीनचा अणू इतका लहान की आत आधीच दाटी, नव्या इलेक्ट्रॉनला आतले इलेक्ट्रॉन ढकलतात.

यापेक्षा महत्त्वाचं उदाहरण आपल्या घरात आहे. निफाडला आणि नाशिकला थंडी कशी पडते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. घरोघरी गॅस गिझर आहेत. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची अ‍ॅफिनिटी ऑक्सिजनपेक्षा या वायूसाठी दोनशेपटीहून जास्त आहे. म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी हिमोग्लोबिन त्यालाच धरून बसतं आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणूस कडी लावलेल्या न्हाणीघरात कोसळतो. वर्गात हे सांगताना मी इंग्रजी बाजूला ठेवते. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा, खिडकी कधीही पुठ्ठ्याने बंद करू नका, आधी बादली भरून गिझर बंद करा आणि मग अंघोळ करा. ‘अ‍ॅफिनिटी’चा हा अर्थ विसरला गेला नाही तर मला बाकी काही नको.

सातपूर-अंबडला कामाला असणाऱ्यांना क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा सुधारण्यासाठी बसणाऱ्या कामगारांच्या गटात, ‘अ‍ॅफिनिटी डायग्राम’ भेटतो. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी ही पद्धत बसवली. जपानी रीतीने आडनाव आधी, म्हणून तिला ‘केजे पद्धत’ही म्हणतात. माझा भाऊ अंबडला आहे, त्याने मला ती घरच्या फरशीवर करून दाखवली. दुसऱ्या पाळीत रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, का वाढतं हा प्रश्न. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच कारण लिहायचं. ‘गेज (माप तपासायचं साधन) जागेवर नसतो’, ‘मशीनवर उजेड कमी’, ‘कूलंट वेळेवर बदलत नाही’, ‘नव्या पोराला ड्रॉइंग वाचता येत नाही’, ‘पाळी बदलताना निरोप राहतो’. मग सगळ्या चिठ्ठ्या पसरायच्या आणि कुणीही न बोलता, ज्या चिठ्ठ्या एकमेकींच्या वाटतात त्या शेजारी सरकवायच्या. ‘गेज जागेवर नसतो’ ही चिठ्ठी भावाने अवजारांच्या गठ्ठ्यात ठेवली, थोड्या वेळाने उचलून ‘निरोप राहतो’च्या शेजारी नेली. गेज हरवत नव्हता, आधीच्या पाळीने कुठे ठेवला ते कुणी सांगत नव्हतं. गठ्ठ्यांना नाव शेवटी द्यायचं, आधी नाही. नाव आधी दिलं की माणूस चिठ्ठ्या त्यात कोंबतो.

संगणकवाल्यांचं एका वाक्यात: एखादा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या ठरावीक गाभ्यालाच बांधून ठेवला तर ती ‘प्रोसेसर अ‍ॅफिनिटी’. पैशांच्या व्यवहारात ‘अ‍ॅफिनिटी फ्रॉड’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. आपल्याच जातीचा, गावचा, पंथाचा माणूस म्हणून विश्वास ठेवायला लावून केलेली फसवणूक. ‘आपला माणूस आहे’ या तीन शब्दांच्या भरवशावर किती घरं बुडाली ते आपण पाहतोच.

आठवी पायरी: हा शब्द सरकारी कागदावर आला तर

नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालय आहे आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवणहून मुलं कागदपत्रांसाठी शहरात येतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ हा शब्द कानावर पडतो. इथे त्याचा अर्थ आवड किंवा ओढ नाही. अर्जदाराच्या कुटुंबाच्या चालीरीती, देवदेवता, लग्नाच्या आणि मृत्यूनंतरच्या विधींची पद्धत, बोली ही त्या जमातीशी जुळते का, हे पाहणं म्हणजे ही चाचणी. मी मराठीत समजावताना ‘आप्तभाव’ म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की एकट्या या चाचणीवर दाव्याचा निकाल लावता येत नाही. कुटुंबं स्थलांतर करतात, शिकतात, रीती बदलतात. स्वातंत्र्यापूर्वीच्या जुन्या नोंदींना मोठं वजन आहे. म्हणून पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुना महसुली उतारा घरात असेल तर तो जपून ठेवा. आणि मुलाखतीत प्रश्न विचारला गेला तर आजी-आजोबांकडून ऐकलेलं जसंच्या तसं सांगा, पाठ करून जाऊ नका.

नववी पायरी: स्वतःचं वाक्य

वाचून शब्द आपला होत नाही. वहीत तीन वाक्यं लिहा. एक ‘फॉर’चं, तुमच्या आवडीच्या कामाबद्दल. एक ‘विथ’चं, अशा माणसाबद्दल जो तुमच्या नात्यात नाही आणि तरी जवळचा वाटतो. एक ‘बिट्वीन’चं, डोळ्यांनी पाहिलेल्या दोघांबद्दल. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात पक्षी पाहायला गेलात तर चौथंही मिळेल: उथळ पाण्याकडेच वळणारे पक्षी आणि खोल पाण्यातच उतरणारे पक्षी, कुणाला कशाची अ‍ॅफिनिटी ते बघा आणि लिहा.

प्रत्येक वाक्याच्या खाली पुराव्याचं एक वाक्य लिहायचं, हे मी सक्तीचं केलं आहे. अ‍ॅफिनिटी आहे असं नुसतं म्हटलं की ऐकणारा विचारतोच, “कशावरून?” मुलाखतीत तर पुढचा प्रश्न हाच असतो.

दिंडोरीच्या त्या मुलाने दुसऱ्या आठवड्यात वही आणली. वर लिहिलं होतं, “आय हॅव ऑलवेज हॅड अ अ‍ॅफिनिटी फॉर मशीन्स.” ‘अ’चं ‘अ‍ॅन’ मी केलं, बाकी सगळं बरोबर होतं. खालच्या ओळीत पुरावा होता. इंग्रजी मोडकं होतं, ते आम्ही दोघांनी मिळून सरळ केलं. आठवीत असताना आजोबांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं, मिस्त्री दोन दिवस येणार नव्हता, पाण्याची पाळी उद्याचीच होती. त्याने गोणपाटावर एकेक भाग काढून ओळीने मांडला, नोझलमधला कचरा सुईने काढला आणि त्याच ओळीने उलट जोडत गेला. पहाटे इंजिन सुरू झालं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, नुसते त्याच्या हातांकडे बघत उभे राहिले.